शजरा नसलेल्यांचा शजरा : गुजरातचे सिद्दी, मराठी घरांतील कुणबिणी आणि वंशावळीचे साधन

बडोदे संस्थानच्या नोकरीत १८८९ ते १९२५ अशी ३६ वर्षे काढणारे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांची दोन कामे सहसा शेजारी ठेवून पाहिली जात नाहीत. एक म्हणजे ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी आणि दुसरे म्हणजे निवृत्तीनंतर १९३० ते १९३४ या काळात संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड. वंशावळीत घराण्याचा मूळपुरुष सर्वांत वर असतो, त्याच्याखाली मुलगे, त्यांच्याखाली नातू. पेशवेकालीन दप्तरांत मात्र त्याच प्रकारच्या घराण्यांत वावरणारी आणखी काही माणसे भेटतात. कोठीवर, पागेत, थट्टीत आणि मुदपाकखान्यात राबणाऱ्या कुणबिणी आणि बटकी यांच्या खरेदीचे, बक्षिसाचे, पळून जाण्याचे आणि सुटकेचे उल्लेख या कागदांत येतात. त्या वंशावळीच्या कोणत्याही फांदीवर नाहीत. पुष्कळदा त्यांच्या नावापुढे बापाचेही नाव नसते आणि गावाचेही नसते.

वंशावळ हे आपल्याकडे फार जुने साधन आहे, पण ते मुख्यत: हक्कदारांचे साधन राहिले. वतन, इनाम, गादी किंवा सज्जादगी सिद्ध करावयाची असली की वंशावळ काढली जाई. मुस्लिम समाजात शजऱ्याचा उपयोगही बराचसा असाच झाला. सय्यद, शेख, मोगल, पठाण या श्रेणींचा अभिमान शजऱ्यावर उभा राहिला आणि ज्यांच्याजवळ शजरा नाही त्यांना खालच्या पायरीवर बसविण्यात आले. तेव्हा प्रश्न असा की, मालकीहक्क सिद्ध करण्यासाठी घडविलेले हे साधन, जी माणसे स्वत:च कुणाच्या तरी मालकीची होती त्यांचे आयुष्य उजेडात आणण्यास वापरता येईल काय? येईल, पण त्यासाठी ते उलटे धरावे लागते. बापाच्या नावापासून सुरुवात करता येत नाही. मालकाच्या नावापासून, आईपासून, दर्ग्यापासून आणि कित्येकदा एखाद्या ढोलाच्या नावापासून सुरुवात करावी लागते.

या बाबतीत इस्लामी विद्यापरंपरेने एक मोठी सोय करून ठेवली आहे, तिच्याकडे आपल्या अध्यापकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. हजरत झैद (रजि.) लहान असताना एका हल्ल्यात पकडले गेले आणि उकाझच्या बाजारात विकले गेले. हकीम बिन हिझाम यांनी त्यांना आपली आत्या हजरत खदीजा (रजि.) यांच्यासाठी विकत घेतले आणि खदीजा (रजि.) यांनी त्यांना हजरत मुहम्मद (स.) यांच्या सेवेत दिले. पुढे त्यांचे वडील हारिसा शोध घेत मक्केत पोहोचले. झैद यांना जाण्याची मोकळीक असूनही त्यांनी राहणे पसंत केले. मग त्यांना मुक्त करून मुलगा मानण्यात आले आणि लोक त्यांना झैद बिन मुहम्मद म्हणू लागले. सूरह अहझाबमधील आदेशानंतर ते पुन्हा झैद बिन हारिसा झाले. गुलामीत गेलेल्या माणसाला बापाचे नाव परत मिळाल्याची ही नोंद आहे. त्याच आदेशात, ज्यांचे बाप माहीत नाहीत त्यांचे काय, याचेही उत्तर आहे. ते दीनी भाऊ आहेत आणि मवाली आहेत. म्हणजे अज्ञात पित्याच्या जागी खोटा पिता लिहावयाचा नाही, आणि पिता अज्ञात आहे म्हणून माणसाला नात्याबाहेरही ठेवावयाचे नाही.

मुक्त केलेला गुलाम आणि मुक्त करणारा यांच्यातील नात्याला फिकहमध्ये ‘वला’ म्हणतात. हे नाते विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही आणि काही परिस्थितींत त्यावरून वारसाही ठरतो. त्यामुळे अस्माउर्रिजालच्या ग्रंथांत माणसाच्या नावापुढे ‘अमक्याचा मौला’ हे शब्द जपून लिहिले गेले. इमाम मालिक यांचे उस्ताद नाफे हे इब्ने उमर यांचे मौला, तर इक्रिमा हे इब्ने अब्बास यांचे मौला. हजरत बिलाल (रजि.) यांची ओळख बिलाल बिन रबाह अशी आहेच, पण त्यांच्या आईचे हमामा हे नावही सांभाळले गेले आहे. जगातील फार थोड्या समाजांनी मुक्त गुलामांचे चरित्रकोश इतक्या काळजीने लिहिले असतील. अर्थात या काळजीमागे हदीसच्या सनदेची गरज होती. विद्वान झालेल्यांची नोंद राहिली, स्वयंपाकघरात संपलेल्यांची राहिली नाही, हेही तितकेच खरे.

हीच पद्धत गुजरातमधील हबशी अमीरांच्या बाबतीत उपयोगी पडते, आणि त्यासाठीचे सर्वांत मोलाचे साधन वडोदऱ्यातूनच प्रसिद्ध झालेले आहे. हाजी उद्दबीर या नावाने ओळखला जाणारा अब्दुल्ला मुहम्मद हा मक्केत जन्मलेला लेखक १५५५ मध्ये गुजरातेत आला आणि उलुगखान या हबशी सरदाराच्या पदरी राहिला. त्याचा ‘जफरुल वालिह’ हा गुजरातचा इतिहास अरबीत आहे. डेनिसन रॉस यांनी तो संपादित केला आणि एम. एफ. लोखंडवाला यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिराने गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९७० व १९७४ मध्ये दोन खंडांत छापला. या ग्रंथाचा कर्ता स्वत:ला ‘उलुगखानी’ म्हणवितो. तो गुलाम नव्हता, पण ज्याचे मीठ खाल्ले त्याचे नाव तो मिरवितो. हबशी लोकांच्या नावापुढील अशा निस्बती वाचावयास शिकले पाहिजे. अहमदाबादची जगप्रसिद्ध जाळीची मशीद १५७२-७३ मध्ये बांधणारा सिदी सईद हा ‘अल-हबशी सुलतानी’ म्हणून ओळखला जातो. यातील पहिली निस्बत तो कोठून आला ते सांगते आणि दुसरी तो कुणाच्या मालकीचा होता ते सांगते. आईबाप कोण, ते दोहोंतील एकही सांगत नाही. तरीही दोन बिंदू मिळाले की रेघ काढता येते.

व्यक्तिनामेही अशीच बोलकी आहेत. याकूत, मरजान, अंबर, संदल, काफूर, रैहान ही रत्नांची, सुगंधांची आणि फुलांची नावे गुलामांना बाजारात किंवा मालकाच्या घरी मिळत. मराठी वाचकाच्या परिचयाचे सर्वांत मोठे उदाहरण मलिक अंबरचे. इथिओपियात जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव चापू असे सांगितले जाते. तो विकला जाऊन बगदादच्या मीर कासीमकडे आला, तेथे अंबर झाला. मग तो दख्खनेत आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखानही पूर्वाश्रमीचा हबशी गुलाम. पुढे अंबरने आपल्या एका मुलाचे नाव फतेहखान आणि दुसऱ्याचे चंगेजखान ठेवले. म्हणजे ज्याने विकत घेतले त्याचे नाव घरात मुलाच्या रूपाने परत आले. नात्याच्या जागी मालकी आणि मालकीच्या जागी पुन्हा नाते, हे चक्र एकाच आयुष्यात फिरलेले दिसते. खुलताबादला अंबरची कबर आहे, तशीच त्याची पत्नी बीबी करीमा हिचीही आहे. अंबरच्या चरित्रांत तिच्या वाट्याला क्वचितच एखाद्या परिच्छेदापेक्षा अधिक येते.

मात्र अमीरांचे हे उदाहरण फसवेही आहे. जंजिरेकर सिद्दी किंवा त्यांच्यापैकी बालूमियाँ यांना १७९१ मध्ये मिळालेले सुरतेजवळील सचीन संस्थान, यांच्या वंशावळी व्यवस्थित उपलब्ध आहेत, कारण तेथे गादी होती. भरुच जिल्ह्यातील झगडियाजवळचे रतनपूर, गीरच्या जंगलाकडेचे जांबूर, खुद्द वडोदरा आणि अहमदाबाद या शहरांतील मोहल्ले येथे राहणाऱ्या सिद्दींजवळ असे कागद नाहीत. वास्तविक ‘सिदी’ हा शब्द अरबी ‘सय्यदी’वरून, म्हणजे ‘माझे धनी’ या अर्थाच्या शब्दावरून आला असे मानतात. ज्यांना इतरांनी धन्याची चाकरी करावयास लावली त्यांच्याच माथी हे नाव राहिले.

रतनपूरच्या टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे. परंपरेनुसार ते आफ्रिकेतून मक्केमार्गे आले आणि अकिकाच्या व्यापाराशी त्यांचा संबंध जोडला जातो. रतनपूरच्या खाणींतील अकीक खंभातला जाऊन मणी होत आणि ते अरबस्तान व आफ्रिकेपर्यंत पोहोचत. ज्या गलबतांतून अकीक गेला, त्याच वाटांनी माणसेही आली. महाराजा सयाजीराव विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञ कुलदीप भान यांनी जोनाथन केनॉयर यांच्यासह या धंद्याचा आणि सिद्दींशी असलेल्या त्याच्या संबंधाचा अभ्यास केला आहे. याच विद्यापीठातील सतीशचंद्र मिश्र यांनी १९६४ मध्ये गुजरातमधील मुस्लिम जमातींवरील आपल्या ग्रंथात सिद्दींची दखल घेतली होती. पुढे जर्मन मानववंशशास्त्रज्ञ हेलेने बासू यांनी दर्ग्याभोवतीचे नातेसंबंध तपशिलाने मांडले.

या दर्ग्याच्या कथेत वंशावळीच्या दृष्टीने एक लक्षणीय गोष्ट आहे. बावा गोर यांच्याबरोबर त्यांचा भाऊ बावा हबश आणि बहीण माई मिश्रा यांचीही भक्ती होते. ज्या राक्षशिणीशी भावांना लढता येईना तिचा बंदोबस्त बहिणीने केला, असे सांगतात. सगळी कथा भावंडांपासून सुरू होते. एरवी वंशावळ बापापासून सुरू होते, येथे ती एका पिढीतच पसरलेली आहे. ज्यांना आईबापांपासून तोडून जहाजात भरले त्यांना सोबतचीच माणसे भावंडे झाली असली पाहिजेत. मॉरिशसकडे आणि कॅरिबियन बेटांकडे गेलेल्या गिरमिटियांचे ‘जहाजी भाई’ हे नाते ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. सिद्दी आपले नाते हजरत बिलाल (रजि.) यांच्याशीही जोडतात. इतिहासकाराने याला रक्ताचा पुरावा मानू नये, पण खोटा दावा म्हणून बाजूसही सारू नये. आपण कुणाच्या वाटेने आलो, हे सांगण्याची ती रीत आहे, आणि ‘वला’ची कल्पना ज्याला समजली त्याला ती रीत परकी वाटू नये.

कागद नाहीत तेथे शब्द आहेत. सिद्दींच्या धमालीला ‘गोमा’ म्हणतात. स्वाहिलीत ‘एन्गोमा’ म्हणजे ढोल आणि नाचही. मुगरमान हा पायांवर उभा राहणारा ढोल आणि मलुंगा हे धनुष्याच्या आकाराचे तंतुवाद्य आफ्रिकेकडे बोट दाखवितात. फारसी-अरबी ग्रंथांतील ‘हबशी’ म्हटले की अबिसीनिया डोळ्यांसमोर येतो, पण हे शब्द त्याहून दक्षिणेचा, झांझिबार-किल्वाकडील किनारा सुचवितात. हैदराबादच्या सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी केंद्रातील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जनुकीय अभ्यासातही सिद्दींचा वारसा मुख्यत: बांटू भाषिक आफ्रिकेशी जुळला आणि स्थानिक लोकांशी झालेले मिश्रण सुमारे २०० वर्षांतले, म्हणजे साधारण आठ पिढ्यांतले ठरले. यावरून सोळाव्या शतकातील दरबारी हबशी आणि आजचे बहुसंख्य सिद्दी यांना एकाच सरळ रेषेत बसविणे धोक्याचे आहे, हे ध्यानी येते. शाळेच्या स्नेहसंमेलनात सिद्दी मुलाला मलिक अंबरचा वंशज म्हणून उभे करण्यात आपुलकी असते, पण त्याने त्याची खरी खापरपणजी मात्र झाकली जाते. आठ पिढ्या म्हणजे काही अथांग काळ नव्हे. त्यांतील तीन-चार पिढ्या घरातील म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत असतात.

आता मराठी घरांकडे वळू. ‘कुणबीण’ या शब्दाचा मूळ अर्थ कुणब्याची स्त्री असा, पण पेशवेकालीन कागदांत तो दासी या अर्थाने रूढ झाला. दुष्काळात विकल्या गेलेल्या, स्वारीत पकडलेल्या, आणि बदकर्माच्या आरोपावरून शिक्षा म्हणून सरकारात जमा केलेल्या अशा सर्व प्रकारच्या स्त्रिया या एका शब्दात सामावल्या. म्हातारपणी त्यांना सोडून दिल्याच्या, तर कधी बदली दुसरी बाई किंवा पैसे घेऊन सोडल्याच्या नोंदी आढळतात. गायकवाडांच्या बडोद्यात मराठी सरदार, दरकदार आणि कारभारी घराणी येऊन स्थिरावली ती आपल्या चालीरीतींसह, आणि दासी बाळगणे ही त्यांतलीच एक रीत होती. वडोदऱ्याच्या अभिलेखागारातील मोडी कागद आजवर मुख्यत: तह, खंडणी आणि वारसाचे तंटे यांसाठी वाचले गेले. घरखर्चाच्या याद्या, लग्नातील आंदणाच्या याद्या, कापड आणि शिधा वाटपाच्या याद्या कंटाळवाण्या म्हणून बाजूला राहतात. कुणबिणी सापडावयाच्या त्या मात्र तेथेच. एका यादीतील एकटे नाव काही सांगत नाही. तेच नाव त्याच घराच्या दहा वर्षांनंतरच्या यादीत दोन मुलांसह आले, आणि लेकीच्या लग्नात त्या मुलांपैकी एक तिच्याबरोबर पाठविल्याची नोंद मिळाली, की एक कुटुंब उभे राहते आणि त्याच ओळीत ते तुटतानाही दिसते.

कुणबिणीला घरधन्यापासून झालेल्या मुलांना ‘लेकवळे’ म्हणत. ही मुले पुष्कळदा त्याच आडनावात मिसळून गेली. येथे संशोधकाला जपून पाऊल टाकावे लागते. आज प्रतिष्ठित असलेल्या एखाद्या कुटुंबाला आपली पणजी विकत आणलेली होती हे ऐकावयाचे नसते, आणि जिवंत माणसांची अब्रू हा संशोधनाचा कच्चा माल नव्हे. मात्र हा संकोच एकतर्फी चालतो, हेही सांगितले पाहिजे. विकत घेणाऱ्या पूर्वजाचे नाव घेताना तो सहसा आड येत नाही.

१८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनीच्या मुलखात गुलामीला न्यायालयाचा आधार राहिला नाही आणि १८६२ पासून अमलात आलेल्या भारतीय दंड संहितेने माणसांची खरेदी-विक्री गुन्हा ठरविली. याच काळात ब्रिटिश आरमाराने अरबी समुद्रात पकडलेल्या गलबतांतून सुटलेली आफ्रिकी मुले मुंबईत उतरविली जात. त्यांतील काही नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशनच्या आश्रमात वाढली. त्यांना नवी ख्रिस्ती नावे मिळाली, सुतारकाम-लोहारकाम शिकविले गेले आणि पुढे त्यांतील अनेकजण पूर्व आफ्रिकेत परत गेले. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टनचे निधन झाल्यावर त्याचे शव किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत हे ‘नाशिकचे मुलगे’ होते. त्यांपैकी जेकब वेनराइट शवाबरोबर इंग्लंडपर्यंत गेला. मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ मध्ये मोंबासात वारला. त्याचे मूळ याओ नाव चेंग्विंबे होते, हे आपल्याला माहीत आहे. हे एक नाव वाचले म्हणून त्याला जन्मगावाकडे नेणारा धागा राहिला. ज्या मुलांची मूळ नावे लिहून घेण्याचे कुणाला सुचले नाही त्यांचा धागा शरणपुरातच संपतो. सिदी मुबारक ‘बॉम्बे’ याची कथा आणखी वेगळी. हाही याओ. लहानपणी पकडला जाऊन पश्चिम हिंदुस्थानात आला, मालकाच्या मृत्यूनंतर मुक्त झाला, झांझिबारला परतला आणि बर्टन, स्पीक, स्टॅनली, कॅमेरॉन यांचा वाटाड्या झाला. तो त्यांच्याशी हिंदुस्थानी बोले. ज्या प्रदेशात गुलामी भोगली त्याच प्रदेशातील शहर त्याचे आडनाव होऊन बसले.

अमेरिकेत हे काम फार पुढे गेले आहे. तेथील १८५० व १८६० च्या शिरगणतीत गुलामांच्या वेगळ्या याद्या होत्या. त्यांत मालकाचे नाव, आणि त्याखाली गुलामांची केवळ वये, लिंग व वर्ण. सर्व कृष्णवर्णीयांची नावे प्रथम १८७० मध्ये आली, म्हणून त्या वर्षापलीकडे जाणे म्हणजे भिंत ओलांडणे समजले जाते. ती ओलांडताना १८६५ ते १८७४ या काळात चाललेल्या मुक्तजनांच्या बचत बँकेच्या वह्या उपयोगी पडतात, कारण खाते उघडताना आईबाप, भावंडे आणि पूर्वीचा मालक यांची नावे विचारली जात. मेरिलँडच्या जेझुइटांनी १८३८ मध्ये विकलेल्या २७२ माणसांची यादी टिकली म्हणून त्यांचे वंशज शोधता आले. उलट ॲलेक्स हेली यांच्या १९७६ च्या गाजलेल्या ‘रूट्स’मधील वंशावळ कागदांशी ताडून पाहिली असता जुळत नाही, असे १९८१ मध्ये गॅरी व एलिझाबेथ मिल्स या संशोधकांनी दाखविले. हेलींच्या पुस्तकाने लाखो लोकांना शोधास लावले, हे श्रेय राहतेच, पण रिकामी जागा रिकामी ठेवण्याचे धैर्य त्यांच्याजवळ कमी पडले, असे म्हणावे लागते.

आपल्याकडे या शोधाला व्यवहाराचीही एक बाजू आहे. गुजरातच्या अनुसूचित जमातींच्या यादीत सिद्दी ही नोंद अमरेली, भावनगर, जामनगर, जुनागढ, राजकोट आणि सुरेंद्रनगर या जिल्ह्यांपुरती आहे. जांबूर पूर्वीच्या जुनागढ जिल्ह्यात येते (२०१३ पासून गीर सोमनाथ). रतनपूर भरुचमध्ये आहे आणि वडोदरा तर यादीबाहेरच. एकाच दर्ग्याला नवस बोलणारी, परस्परांत लग्नसंबंध असलेली दोन घरे दाखल्याच्या दृष्टीने दोन निराळ्या जमाती ठरतात. दाखल्यासाठी बापाचे आणि आजोबांचे मूळ गाव कागदाने दाखवावे लागते. ज्यांच्या पूर्वजांना मालकाने एका गावातून दुसऱ्या गावी नेले त्यांनाच मूळ गाव विचारले जाते.

अशा कुटुंबांतील मुले कम्युनिटी कॉलेजांत येतात. त्यांच्याकडून माहिती गोळा करविताना अध्यापकांनी नेहमीचा छापील तक्ता देऊ नये, कारण त्यात पहिलाच रकाना पणजोबांचा असतो आणि तेथेच लेखणी थांबते. आईचे, आजीचे आणि तिच्या आईचे नाव आधी लिहावे. घरातले कोण कुणाच्या वाड्यावर, पागेत किंवा शेतावर कामाला होते ते विचारावे, कारण त्या घराचे दप्तर कदाचित अभिलेखागारात असेल. उरसाला घर कोणत्या दर्ग्याला जाते, तेथे कुणाच्या हाती मुगरमान असतो, तो त्याला कुणाकडून मिळाला, हे लिहावे. गाण्यांतील ज्या शब्दांचा अर्थ घरात कुणालाच सांगता येत नाही ते शब्द जसे उच्चारले जातात तसेच उतरवून घ्यावेत. ते दुरुस्त करू नयेत, उर्दू किंवा गुजराती शब्दांशी ओढूनताणून जुळवूही नयेत. जेथे उत्तर नसेल तेथे रकाना कोरा ठेवून त्यापुढे कुणाला विचारले आणि कोणत्या तारखेला विचारले एवढे नमूद करावे.